विश्रांतवाडी : पालखी सोहळा व लोकजीवन

पुणे शहराच्या ईशान्य भागातील, आळंदी रस्त्यावरील उपनगर. धानोरी, कळस, टिंगरेनगर व फुलेनगर ही लगतची वस्ती. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या आषाढी पालखीची ही पारंपरिक वाट असल्याने येथील लोकजीवनात वारीला मोठे स्थान आहे.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवलेली पालखी त्या रात्री आळंदीतच मुक्कामी असते. दुसऱ्या दिवशी ती दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडीमार्गे पुण्यात येते आणि भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात विसावते. ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका बैलजोडी जुंपलेल्या चांदीच्या रथात असतात. रथापुढे आणि रथामागे क्रमांकाने दिंड्या चालतात. गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, टाळकरी, पखवाजवादक आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया ही दिंडीची ओळख.

पालखीच्या दिवशी रस्त्यावर रांगोळ्या घातल्या जातात. घरे, मंडळे व दुकानदार वारकऱ्यांना चहा, पाणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू देतात. पाय चेपून देणे, चपला शिवून देणे, औषधोपचार हीही सेवाच. या दिवशी अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणूनच हाक मारतात. यजमान व पाहुणा, लहान व थोर हा भेद त्या एका संबोधनात गळून पडतो; वारीचे सामाजिक मोल यातच आहे.

करोना साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये पायी सोहळा झाला नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. २०२२ पासून पायी वारी पूर्ववत सुरू झाली.