वाटाड्या आणि वही

भाऊबीज आटोपली, फराळाचे डबे तळाशी गेले आणि शाळा उघडावयास मात्र अजून अवकाश आहे, असे दिवस आले की घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. आजोबांच्या काळी हे बेत काशी-रामेश्वराचे असत आणि ते पुरे व्हावयास महिने लागत. आता दिल्ली, आग्रा, जयपूर अशी तीन नामांकित शहरे चार दिवसांत पाहून लोक घरी परततात. घरच्यांपुरती एक मोटार ठरवावयाची, प्रत्येक ठिकाणी एक माहीतगार वाटाड्या घ्यावयाचा, आणि तो बोट दाखवील तिकडे माना वळवावयाच्या. सहल आटोपशीर, दगदग बेताची. या पद्धतीला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. पण वाटाड्या ही संस्था आपल्याकडे फार जुनी आहे, आणि जुन्या वाटाड्यापाशी एक वस्तू होती, ती नव्यापाशी नाही. ती म्हणजे वही.

नाशिक, त्र्यंबक, काशी, प्रयाग, कोठेही जा. तीर्थोपाध्याय प्रथम यात्रेकरूचे गाव आणि आडनाव विचारी. मग लाल कापडात बांधलेले बाड सोडून तो पाने उलटू लागे, आणि पाहता पाहता पणजोबांच्या हातचा मजकूर समोर ठेवी. अमुक साली अमुक आले, बरोबर कोण होते, त्यांना मुले किती. देवदर्शन नंतर, आधी घराण्याचा इतिहास! परमुलखात पाऊल ठेवताच आपले माणूस आपल्या आधी तेथे येऊन गेल्याचे कळावे, याहून मोठे स्वागत ते कोणते?

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुढे वृद्धपणी त्यांनी सारे लिहून काढले आणि ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापून निघाले. राजेरजवाड्यांचे इतिहास पुष्कळ आहेत. पण एका गरीब भिक्षुकाने आपण काय पाहिले ते लिहून ठेवले, म्हणून त्या वर्षाची झाशी आपल्याला आतून दिसते. प्रवासी आणि वही एकत्र आली की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

आजचा वाटाड्या राजाचे घराणे सांगतो, आपले सांगत नाही. तो तर परका. त्याला आपली माहिती कोठून असणार? तेव्हा ते काम आपणच करावयाचे. कसे करावे, हे पाहण्यासाठी दिल्ली-आग्ऱ्याऐवजी एक जवळची सहल घेऊ, आणि तिचा आरंभ मुंबई-पुण्याहून न करता बीड जिल्ह्यातील तलवाड्याहून करू. गेवराई तालुक्यातले, गोदावरीच्या दक्षिणेचे, त्वरितादेवीचे हे गाव. मुंबईच्या माणसाला ज्या शहरांसाठी रात्रभर आगगाडीत बसावे लागते, ती येथून काही तासांच्या वाटेवर आहेत.

गेवराईहून निघावे, शहागडपाशी गोदावरी ओलांडावी आणि पाचोडहून डावीकडे वळावे, म्हणजे पैठण येते. हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. येथला वाटाड्या नाथांच्या समाधीपाशी नेतो, पैठणीचे माग दाखवितो, आणि १९७६ साली पुरे झालेल्या जायकवाडी धरणाचा अथांग जलाशय दाखवून सहल संपवितो. हे सर्व पाहण्याजोगेच आहे. पण त्याला सहसा ठाऊक नसलेली गोष्ट एका ग्रीक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून रंगीत खडे येतात, तगरहून कापड येते, आणि हा माल बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदराला जातो, असे तो सांगतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर.

आता मुलांपुढे नकाशा पसरावा आणि पैठण व तेर यांना एका रेघेने जोडावे. ती रेघ थेट बीड जिल्ह्यावरून जाते! जुन्या वाटेचे प्रत्येक वळण कोणी सांगू शकणार नाही. पण रोमच्या बाजारात विकल्या गेलेल्या कापडाच्या गाड्या याच मुलखातून कुरकुरत गेल्या असल्या पाहिजेत, एवढे त्या रेघेवरून उमगते. ‘आमच्या भागात इतिहास कसला?’ असे म्हणणाऱ्याने ती एकदा आपल्या हाताने ओढून पाहावी.

दुसरा दिवस देवगिरीचा. यादवांची ही राजधानी बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम राजाने वसविली. डोंगराचा कडा सभोवार उभा तासून काढलेला, खाली खंदक, आत शिरावयास एकच वाट, आणि त्या वाटेवर दिवसाढवळ्या डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधेरीचा बोगदा. वाटाड्या येथे रंगात येतो. शत्रू अंधारात कसा चाचपडे, एकमेकांवरच कसा वार करी, हे सांगताना तो आवाज खाली आणतो, आणि पोरे आईचा पदर धरतात. मग येते १२९६ सालची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी. रामदेवरावांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. किल्ल्यात धान्य म्हणून घेतलेली पोती उघडली तो आत मीठ! इतका अभेद्य किल्ला पडला तो कड्यावरून नव्हे, कोठारातून.

वाटाड्याच्या भात्यातला यापुढचा बाण म्हणजे महंमद तुघलक. १३२७ साली त्याने राजधानी दिल्लीहून येथे आणली आणि गावाचे नाव दौलताबाद ठेवले. ‘वेडा महंमद’ म्हटले की श्रोते आधीच हसू लागतात. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला त्याने दौलताबादेपर्यंत फरफटत न्यावयास लावले आणि पोहोचला तो फक्त त्याचा पाय, ही गोष्ट तर ठरलेलीच. ही गोष्ट आपल्याला मिळते इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाकडून. तो हिंदुस्थानात आला १३३३ साली, म्हणजे राजधानी हलविल्यानंतर काही वर्षांनी. त्याने हे डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, ऐकलेले होते. थोडक्यात, त्यालाही कोणीतरी वाटाड्या भेटला होता! सुलतानाचा बेत फसला आणि त्यापायी माणसांचे हाल झाले, हे खरे. पण दक्षिणेचा नवा मुलूख ताब्यात ठेवावयाचा तर राजधानी मध्यावर हवी, हा त्यामागचा विचार वेड्याचा नव्हता. आणि हलविले गेले ते मुख्यतः दरबारी, अंमलदार आणि विद्वान, सबंध दिल्ली नव्हे, असे बहुतेक इतिहासकार मानतात. गोष्ट ऐकावी, हसावे, आणि मग हळूच विचारावे, ‘बाबा, हे पाहिले कोणी?’ इतिहासाची गोडी लागते ती या प्रश्नापासून.

याच किल्ल्यावर पुढे जनार्दनस्वामी किल्लेदार होते. पैठणचा कोवळा एकनाथ गुरूच्या शोधात आला तो त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी पाहिलेली समाधी आणि दुसऱ्या दिवशी पाहिलेला किल्ला असे एका धाग्यात येतात.

तिसऱ्या दिवशी वेरूळचे कैलास लेणे पाहून मागे फिरताना खुलताबाद लागते. वरून खाली कोरीत आणलेला, राष्ट्रकूट कृष्ण राजाच्या काळचा तो प्रचंड कैलास पाहिल्यावर खुलताबादेची एक उघडी, साधी कबर फारच लहान वाटते. १७०७ साली अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मरण पावलेला औरंगजेब येथे पुरला आहे. पंचवीस वर्षे मराठ्यांचे राज्य बुडवावयास झटलेला बादशहा मराठी मातीतच राहिला. त्याच गावात मलिक अंबरची भव्य कबर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा हबशी निजामशाहीचा कारभारी झाला, आणि मोगलांना त्याने आयुष्यभर दाद दिली नाही. मरण १६२६ सालचे.

त्याच्या कबरीपेक्षा त्याचे खरे स्मारक चौथ्या दिवशी पाहावयाचे. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. येथे वाटाड्या बीबीच्या मकबऱ्यावर तासभर घालवितो. दिलरास बानू बेगमेची ती कबर सुंदर आहे, आणि तिचा आराखडा करणारा अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमदाचा मुलगा, हेही सांगण्यासारखे आहे. पण पाणचक्कीपाशी तो पाच मिनिटांत आवरते घेतो. तेथे खरे तर उलट करावयास हवे. डोंगरातले झरे जमिनीखालच्या नहरींनी, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणण्याची योजना मलिक अंबरने घातली. पुढच्यांनी ती वाढविली. मोट नाही, बैल नाही. पाणी आपल्या पायांनी चालत येते, आणि पाणचक्कीत तर पडता पडता जातेही फिरविते. त्या जात्याचे पीठ दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांच्या भाकरीला लागे.

मकबरा राजाने बेगमेसाठी बांधला. नहर माणसांसाठी खोदली. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या जिल्ह्यातल्या माणसाला यातले अधिक मोलाचे कोणते हे सांगावे लागत नाही. शिवाय नहरीची बहीण त्याच्या घरीच आहे. बीडजवळची खजाना बावडी निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास बांधली गेली. तिचे पाणीही असेच भूमिगत नहरींनी शेतांकडे नेलेले. ती पाहावयास लोक दुरून येतात आणि बीडकर तिच्यावरून रोज जातात.

येथे विकत घेतलेली सहल संपते. वाटाड्याला बिदागी द्यावी, त्याचे आभार मानावे, आणि पाचवा दिवस मात्र स्वतःसाठी राखून ठेवावा. तो आहे राक्षसभुवनचा.

गेवराई तालुक्यातच, गोदेच्या काठी हे शनीचे क्षेत्र आहे. १७६३ साली निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले होते. पानिपताला दोनच वर्षे झालेली. पेशवा माधवराव अठरा वर्षांचा. त्या साली १० ऑगस्टला निजाम काही फौजेनिशी गोदावरीपलीकडे गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला. नदीला श्रावणाचा पूर. मराठ्यांनी गाठले ते नेमके तेव्हाच. राघोबादादा वेढ्यात सापडले, आणि ज्या पुतण्याशी भाऊबंदकी चालली होती त्याच पुतण्याने त्यांना सोडविले. विठ्ठल सुंदर पडला. पैलतीरावरचा निजाम पाहत राहण्यापलीकडे काही करू शकला नाही. औरंगाबादच्या तहात त्याला ८२ लाखांचा मुलूख सोडावा लागला. पानिपतानंतर मराठी राज्य पुन्हा उभे राहिले, ते या काठावर.

येथे मकबऱ्यासारखी गर्दी नाही, गोष्ट सांगावयास कोणी धावत येत नाही. येथला वाटाड्या आपणच.

आणि म्हणूनच तलवाड्यासारख्या गावांचा विचार मनातून जात नाही. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे प्रवासाला निघतात; पण तो प्रवास सहलीचा नव्हे. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता बांधलेला, ट्रॅक्टरवर भांडीकुंडी आणि त्यांवर पोरे. कोल्हापूर, सांगली, कर्नाटकापर्यंतच्या कारखान्यांवर हे लोक जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पाहुण्यांनी पैसे मोजून पाहावीत अशी शहरे आणि किल्ले त्यांच्या वाटेवर रात्रीच्या अंधारात मागे पडतात. महाराष्ट्र यांच्याएवढा कोण हिंडला असेल? पण त्यांच्या हिंडण्याची नोंद कोणत्या तीर्थोपाध्यायाच्या बाडात आहे? गोडसे भटजींपाशी निदान लेखणी होती.

तेव्हा या सुटीत एवढे करावे. शहरे पाहून या. वाटाड्याच्या गोष्टी मनसोक्त ऐका. परत आल्यावर एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर पैठण-तेरची ती रेघ काढा. दुसऱ्यावर राक्षसभुवनची लढाई लिहा. तिसरे पान घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे ठेवा आणि विचारा: त्वरितादेवीच्या यात्रेला तुमच्या लहानपणी कोण कोण येई? गावची विहीर कोणी खोदली? निजामाचे राज्य १९४८ साली गेले, तेव्हा गावात काय झाले? पहिल्यांदा ऊस तोडावयास घरातले कोण गेले, आणि कोठवर? सांगणारी माणसे फार उरलेली नाहीत, आणि दगड वाट पाहतात तशी माणसे पाहत नाहीत. पुढच्या दिवाळीला पणत्या लावून झाल्या की ती वही मुलांना मोठ्याने वाचून दाखवावयास सांगा.