हिस्पानो-सुइझाचे कूळ विमानाचे

1919 साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात हिस्पानो-सुइझाची एच 6 लोकांसमोर आली. आज त्या घराण्यातली जीर्णोद्धार झालेली एखादी गाडी दिसली की नजर जाते ती बॉडीवर: लांबलचक बॉनेट, आरशासारखा रंग, रेडिएटरवरचा उडता करकोचा. पण या गाड्यांची बॉडी बहुधा कंपनीची नसेच. कंपनी चासी आणि इंजिन देई. वरचा साज गिऱ्हाईक केल्नेर, शाप्रों अशा नामवंत कारागिरांकडून चढवून घेई, आणि मालकाची आवड बदलली की त्याच चासीवर दुसरी बॉडी बसे. त्यामुळे या गाडीचे कूळ पाहायचे तर बॉनेट उघडलेच पाहिजे. आणि माझ्या मते तिथे जे दिसते ते मोटारीचे कमी, लढाऊ विमानाचे अधिक आहे.

कंपनी 1904 मध्ये बार्सिलोनात निघाली. तिचा इंजिनिअर मार्क बिर्किग्ट स्विस होता. महायुद्धात त्याने विमानासाठी व्ही-8 इंजिन केले. पाण्याने थंड होणाऱ्या त्या काळच्या अनेक विमान-इंजिनांत सिलिंडर सुटेसुटे असत. बिर्किग्टने एका रांगेतले चारही सिलिंडर ॲल्युमिनियमच्या एकाच ओतीव ठोकळ्यात घेतले, आणि बाहेरून आटे पाडलेले पोलादी लायनर त्यात फिरवून बसवले. वजन उतरले आणि इंजिनाला ताठपणा आला. ओतकामातल्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरू नये म्हणून ठोकळ्यावर इनॅमल चढवले जाई. फ्रेंच स्पाड आणि ब्रिटिश एस.ई. 5ए ही विमाने या इंजिनावर उडाली. परवान्यावर चालणारे कारखाने धरून अशी सुमारे 50 हजार इंजिने तयार झाली. एच 6 चे सहा सिलिंडरचे, 6.6 लिटरचे इंजिन याच वळणाचे आहे: तेच ॲल्युमिनियम, तेच पोलादी लायनर, तोच डोक्यावरचा कॅमशाफ्ट. करकोचाही तिथलाच, गिनमेर या वैमानिकाच्या तुकडीचे ते चिन्ह. यावर कोणी म्हणेल की बिर्किग्ट आधी मोटारीच करत होता, मग मूळ मोटारीचेच. त्याचा हात मोटारीवर बसला होता हे खरेच. पण ॲल्युमिनियमचा अखंड ठोकळा सुचायला वजनाची जी निकड लागते, ती विमानाने आणली.

इतके जोरकस इंजिन दिले, तर ती जड गाडी थांबवायची कशी? एच 6 मध्ये चारही चाकांना ब्रेक होते आणि त्यांना सर्व्होची जोड होती. गिअरबॉक्सवरून एक छोटा ड्रम संथ फिरत राही. पेडल दाबले की त्या ड्रमची घर्षणपकड बसे, आणि फिरता ड्रम ब्रेकच्या दांड्या ओढू लागे. पायाने फक्त इशारा द्यायचा. ओढण्याचे काम गाडीचीच गती करी. चार चाकांचे ब्रेक इसोटा फ्रास्किनीने युद्धाआधीच दिले होते आणि ड्युसेनबर्गचे हायड्रॉलिक ब्रेक लवकरच आले, हा आक्षेप रास्त आहे. पहिलेपणाचा मान मी बिर्किग्टला देत नाही. मात्र पुढच्या चाकांना ब्रेक लावल्याने चालकाच्या पायातली ताकद वाढत नव्हती, आणि ती अडचण त्याच्या सर्व्होने सोडवली. गाडी उभी असताना ही मदत मिळत नाही, एवढी उणीव राहिली. तरीही रोल्स-रॉइसने 1924 च्या सुमारास हाच सर्व्हो परवान्यावर घेतला, आणि 1960 च्या दशकातल्या सिल्व्हर क्लाउडपर्यंत त्याच जातीचा सर्व्हो वापरला. प्रतिस्पर्ध्याने इतका काळ जपलेल्या कल्पनेला वारसा म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

बॉडीला कूळच नसते, असे मात्र नाही. त्याच करकोच्याच्या तुकडीत उडालेल्या आंद्रे द्युबोने याने 1924 च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीसाठी आपल्या एच 6 सी गाडीची बॉडी निएपोर या विमान कंपनीकडून करून घेतली. लाकडी फासळ्यांवर लाकडाच्याच पातळ पट्ट्या, त्या हजारो रिव्हेटांनी जडवलेल्या. विमानाचे धड बांधावे तशी. ती गाडी लाकडी बॉडीसह आजही टिकून आहे.