संगणक जागा, पडदा मात्र झोपलेलाच!

दुपारच्या जेवणासाठी उठलेला माणूस अर्ध्या तासाने टेबलाशी परततो, माऊस हलवतो, कळफलकावरील एखादी कळ दाबतो. पेटीतील पंखा फिरू लागतो, समोरचा दिवाही उजळतो. पडदा मात्र काळाच राहतो. सकाळपासून केलेले काम त्या काळ्या पडद्याआड असते आणि ते साठवले होते की नाही, हे नेमके त्याच क्षणी आठवत नाही. मग बहुतेक जण पॉवरचे बटण दाबून धरतात किंवा थेट प्लग उपसतात. संगणक पुन्हा सुरू होतो. पण न साठवलेले काम गेलेले असते, आणि चार दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो.

निद्रावस्थेतून न उठणारा पडदा ही संगणक वापरणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. अनेकदा बिघाड मोठा नसतो. सैल केबल, जुना ड्रायव्हर किंवा वीजबचतीची एखादी सेटिंग एवढेच कारण असते. मात्र दोष मॉनिटरचा, संगणकाचा की दोहोंमधील दुव्याचा, हे न तपासताच नवा मॉनिटर घेतला जातो किंवा दुरुस्तीचे बिल भरले जाते. क्रमाने तपासणी केल्यास हा खर्च बऱ्याचदा टळू शकतो.

‘झोप’ म्हणजे नेमके काय?

संगणकाचा पडदा बंद होणे आणि संगणक झोपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात संगणकाचे काम चालूच असते. केवळ मॉनिटरकडे जाणारे चित्र थांबवले जाते. मॉनिटरला संकेत पाठवून त्याची वीज वाचवण्याची ‘डीपीएमएस’ ही पद्धत ‘व्हेसा’ या संस्थेने १९९३ मध्ये ठरवून दिली. आजच्या एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या जोडणीतही तत्त्व तेच आहे: संकेत थांबला की मॉनिटर स्वतःहून विसावतो आणि संकेत परतला की त्याने उठणे अपेक्षित असते.

दुसऱ्या प्रकारात संगणक स्वतःच झोपतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या ‘एसीपीआय’ या मानकात या झोपेच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. ‘एस-३’ या पायरीवर प्रोसेसर, पंखे, डिस्क हे सारे थांबते. फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते आणि चालू असलेले काम रॅममध्येच शिल्लक असते. ‘एस-४’, म्हणजे हायबरनेट, या पायरीवर ते काम डिस्कवर उतरवले जाते आणि वीज पूर्ण गेली तरी बिघडत नाही. गेल्या काही वर्षांतील अनेक लॅपटॉपमध्ये ‘एस-३’ नाहीच. त्याऐवजी मोबाइल फोनप्रमाणे अर्धवट जागे राहण्याची ‘मॉडर्न स्टँडबाय’ ही सोय असते.

जागे होताना प्रोसेसर, ग्राफिक्स, यूएसबी आणि मॉनिटर या सर्वांना ठरलेल्या क्रमाने उठावे लागते. यातील एकाचा जरी क्रम चुकला, तरी वापरणाऱ्याला दिसतो तो फक्त काळा पडदा.

आधी निदान

पहिली तपासणी कॅप्सलॉकच्या कळीची. ती दाबल्यावर कळफलकावरील दिवा लागत-विझत असेल, तर कार्यप्रणाली जागी आहे आणि फक्त चित्र हरवले आहे, असे समजावे. दिवा ढिम्म राहिला, तर एक तर संगणक गोठला आहे किंवा यूएसबीचा भागच अजून झोपलेला आहे. अशा वेळी कळफलक दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावा.

दुसरी तपासणी मॉनिटरची. त्याची संकेताची केबल काढून तो सुरू करावा. ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाचा संदेश उमटला, तर त्याचा पडदा व प्रकाशव्यवस्था सहसा ठीक असते. संदेशही दिसत नसेल, तर अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश तिरका टाकून पाहावे. एलसीडी पडद्यावर अंधूक चित्र दिसल्यास चित्र येते आहे, फक्त मागचा प्रकाश गेला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरी तपासणी अदलाबदलीची. तोच संगणक घरातील टीव्हीला जोडून पाहावा आणि तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला. दोष कोणाबरोबर जातो, यावरून अर्धे उत्तर मिळते.

काम वाचवण्याची धडपड

कॅप्सलॉकचा दिवा प्रतिसाद देत असेल, तर बटण दाबून धरण्याची घाई करू नये. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बारीक ‘बीप’ ऐकू येतो आणि अनेकदा चित्र परत येते. चालू असलेले काम याने बंद होत नाही.

तेवढ्याने भागले नाही, तर चित्र भलत्याच पडद्याकडे जात असण्याची शक्यता पाहावी. लॅपटॉप पूर्वी प्रोजेक्टरला जोडला असेल आणि ‘फक्त दुसरा पडदा’ हा पर्याय राहून गेला असेल, तर असे घडते. विंडोज व पी या कळा दाबून, बाणाच्या कळीने पर्याय बदलून एंटर दाबावे. केबल काढून दहा सेकंदांनी पुन्हा लावणे, मॉनिटर त्याच्या बटणाने बंद-चालू करणे, हेही करून पाहावे.

चित्र तरीही आले नाही, तर आंधळेपणाने काम साठवता येते. झोपेतून उठलेला संगणक बहुधा पासवर्डच्या पडद्यावर थांबलेला असतो. म्हणून आधी एंटर दाबावे, पासवर्ड टाइप करून पुन्हा एंटर दाबावे, थोडे थांबावे आणि मग कंट्रोल व एस या कळा दाबाव्यात. फाइलला पूर्वी नाव दिलेले असेल, तर ती साठवली जाते. नाव दिलेले नसेल, तर आणखी एकदा एंटर दाबल्यावर ती बहुधा आपोआप सुचलेल्या नावाने साठवली जाते.

त्यानंतर पॉवरचे बटण एकदाच हलके दाबावे. सेटिंगनुसार संगणक पुन्हा झोपतो किंवा रीतसर बंद होतो. पुन्हा झोपला, तर मिनिटभराने जागा करून पाहावा. दुसऱ्या वेळी चित्र येण्याची शक्यता असते. बटण दहा सेकंद दाबून धरणे हा अगदी शेवटचा उपाय.

केबल आणि मॉनिटर

मॉनिटर जोडलेला आहे की नाही, हे संगणकाला केबलमधील एका स्वतंत्र तारेवरून कळते. एचडीएमआयमध्ये ही खूण १९ व्या पिनवर असते. ही खूण मिळाल्यावरच संगणक मॉनिटरची माहिती वाचतो आणि चित्र पाठवतो. पिन सैल असेल किंवा केबल फार लांब अथवा हलक्या प्रतीची असेल, तर हा संवाद तुटतो. केबल काढून लावताच चित्र येत असेल, तर संशय इथेच घ्यावा.

डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये आणखी एक मेख आहे. तिच्या २० व्या पिनवर वीज असते आणि प्रमाणित केबलमध्ये ही पिन दोन्ही टोकांना एकमेकींशी जोडलेली नसते. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते आणि सुरू होण्यात किंवा जागे होण्यात अडथळे येतात. चांगल्या प्रतीची केबल घेणे हाच यावरील उपाय.

अनेक मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्येही ‘गाढ झोपे’चा पर्याय असतो. कंपनीगणिक त्याचे नाव वेगळे असते. या अवस्थेत काही मॉनिटर संगणकाशी असलेला संपर्कच सोडून देतात, त्यामुळे संगणकाला तो काढून टाकल्यासारखा वाटतो. हा पर्याय बंद करावा. तसेच संकेत कोणत्या पोर्टवर आहे, हे मॉनिटर आपोआप शोधत असेल, तर ते बंद करून वापरातील पोर्ट कायमचे निवडावे. शोधाशोधीत वेळ गेल्याने मॉनिटर पुन्हा झोपतो, असेही घडते. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल मदरबोर्डला नव्हे, तर त्या कार्डालाच जोडलेली असावी.

ड्रायव्हर आणि सेटिंग

केबल व मॉनिटर निर्दोष ठरले, तर पुढचा संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांपैकी ज्या कंपनीचे ग्राफिक्स असेल, तिच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा. लॅपटॉपसाठी मात्र आधी लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला पाहावा. त्रास अलीकडच्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर उलट दिशेने जावे. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये डिस्प्लेच्या ड्रायव्हरला मागच्या आवृत्तीवर नेण्याची सोय आहे.

विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे एक गैरसमज होतो. ही सोय चालू असताना ‘शट डाऊन’ केले, तरी कार्यप्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तीच उचलली जाते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही तसाच अडकलेला राहू शकतो. खऱ्या अर्थाने नवी सुरुवात हवी असेल, तर ‘रीस्टार्ट’ करावे. त्रास वारंवार होत असल्यास ‘कंट्रोल पॅनेल’मधील पॉवरच्या पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद ठेवून पाहावे.

त्याच ठिकाणी प्रगत सेटिंगमध्ये ‘पीसीआय एक्स्प्रेस’ची वीजबचत आणि यूएसबीची ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असे दोन पर्याय असतात. एका वेळी एकच पर्याय बंद करावा आणि दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. सारे एकदम बदलले, तर गुण कशाने आला, ते कळत नाही. माऊस वा कळफलकाने संगणक जागाच होत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाला संगणक जागवण्याची परवानगी दिलेली आहे ना, हेही पाहावे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुन्या संगणकावर विंडोज ११ चढवली गेली असेल, तर त्या आवृत्तीसाठीचे ड्रायव्हर घातले आहेत की नाही, याची खात्री करून घ्यावी.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी

लॅपटॉपचे झाकण बंद आहे की उघडे, हे बहुतेक वेळा चुंबक आणि संवेदक यांच्या साह्याने ओळखले जाते. चुंबकाची पट्टी असलेले फोनचे पाकीट किंवा दुसरा लॅपटॉप जवळ ठेवला, तरी झाकण बंद असल्याचा भास होऊन पडदा मिटतो. तपासणीपूर्वी आसपासच्या अशा वस्तू दूर कराव्यात. पडद्याचा प्रकाश अगदी किमान पातळीवर तर नाही ना, हेही कळफलकावरील कळीने पाहावे.

बाहेरच्या मॉनिटरवर चित्र येते आणि झाकणातील पडद्यावर येत नाही, असे असेल आणि पर्याय बदलूनही फरक पडत नसेल, तर बिजागरीतून जाणारी केबल किंवा पडदाच खराब झाल्याची शक्यता बळावते. ते काम तंत्रज्ञाचे. ॲपलच्या इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकमध्ये वीजव्यवस्था सांभाळणारा ‘एसएमसी’ हा भाग रीसेट करण्याची सोय आहे. ॲपलचीच चिप असलेल्या मॅकमध्ये मात्र रीस्टार्ट पुरेसे असते.

वीज गेली तर?

निद्रावस्थेतील संगणकाची वीज गेली, तर रॅममधील काम जाते. भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावांत हा धोका अधिक. ‘एस-३’ची सोय असलेल्या डेस्कटॉपवर ‘हायब्रिड स्लीप’ हा पर्याय निवडल्यास काम रॅमबरोबरच डिस्कवरही उतरवले जाते. वीज गेली तरी ते परत मिळते. यूपीएस नसेल, तर झोपेऐवजी हायबरनेट वापरणे शहाणपणाचे. जागे व्हायला थोडा वेळ अधिक लागतो, एवढीच त्याची किंमत.

उठताना संगणक जागा न होता नव्यानेच सुरू होत असेल, तर एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग दुबळा झाला असण्याची शक्यता असते. झोपेच्या काळात रॅमला जगवणारी पाच व्होल्टची वीज याच भागातून येते. रॅम सदोष असली, तरीही अशीच लक्षणे दिसतात. विंडोजमधील मेमरी तपासण्याच्या सोयीने तिची परीक्षा घेता येते. संगणकाची कंपनी बायोसची नवी आवृत्ती देत असेल आणि तीत झोपेसंबंधी सुधारणा नमूद असेल, तर ती जरूर घ्यावी. मात्र बायोस अपडेट सुरू असताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून डेस्कटॉपला यूपीएसचा आणि लॅपटॉपला भरलेल्या बॅटरीचा आधार असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

दुरुस्तीला केव्हा न्यावे?

सुरू होण्यास दिवसेंदिवस अधिक वेळ लागणे, टिकटिक असा आवाज येणे किंवा चित्र क्षणभर येऊन जाणे ही मॉनिटरमधील कपॅसिटर वा प्रकाशव्यवस्था खराब झाल्याची लक्षणे असू शकतात. प्लग काढल्यानंतरही मॉनिटरच्या आत घातक दाबाची वीज शिल्लक राहू शकते. तो घरी उघडू नये. दुरुस्तीला देताना कॅप्सलॉकचा दिवा, टॉर्चची तपासणी, बदललेली केबल या सगळ्यांचे निष्कर्ष तंत्रज्ञाला लिहून द्यावेत. त्याचा वेळ वाचतो आणि अनावश्यक सुटे भाग ग्राहकाच्या माथी मारले जाण्याची शक्यताही कमी होते.

थोडक्यात

• कॅप्सलॉकचा दिवा पाहा. संगणक जागा आहे की नाही ते ठरवा.
• चार कळांनी ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करा.
• केबल काढून लावा, पोर्ट बदला, दुसरा पडदा जोडून पाहा.
• ‘शट डाऊन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा.
• सेटिंग एका वेळी एकच बदला आणि बदललेली नोंदवून ठेवा.
• पॉवरचे बटण दाबून धरणे हा शेवटचा उपाय.

या साऱ्या उपायांआधीचा उपाय अगदी साधा आहे. टेबलावरून उठताना काम साठवण्याची सवय लावून घेतली, तर पडदा उठला नाही तरी गमवावी लागतात ती फक्त काही मिनिटे.