पाटीवरचे नाव आणि दोन टक्के : बोर्डीच्या निमित्ताने

घोलवड स्थानकावर उतरून बोर्डीकडे निघाले की दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागतात, मग सुरूची झाडे आणि समुद्र. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे हे जवळजवळ शेवटचे टोक; थोडे पुढे गेले की गुजरात. बागायतदार, मच्छीमार, पारशी-इराणी वाडीवाले आणि वारली अशा मिश्र वस्तीच्या या गावात १९२० सालापासून एक हायस्कूल आहे. त्याचे पूर्ण नाव सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल. ते म्हणायला वेळ लागतो म्हणून सगळे ‘एस.पी.एच.’ म्हणतात. शाळेचे नाव एका पारशी बाईचे, चालवणारी संस्था गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची, आणि शाळेला नावारूपाला आणणारे मुख्याध्यापक आचार्य शंकर रामचंद्र भिसे. आपल्याकडे शिक्षणाला पैसा कसा मिळाला आणि आज कसा मिळतो, या प्रश्नाकडे पाहायला या तीन नावांपासून सुरुवात करता येते.

आज कंपन्यांच्या सामाजिक निधीची, म्हणजे सीएसआरची चर्चा होते ती बहुधा रकमेची : कोणी किती कोटी दिले, किती शाळा दत्तक घेतल्या. शाळेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची असते. तो पैसा किती वर्षे टिकणार? जुन्या देणगीत आणि नव्या सीएसआरमध्ये खरा फरक इथे पडतो.

गोखले एज्युकेशन सोसायटीची स्थापना गोखल्यांच्या पुण्यतिथीला, १९ फेब्रुवारी १९१८ रोजी, प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने झाली. डोळ्यांसमोर नमुना होता तो पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा. १८८४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत शिकवणारेच संस्थेचे आजीव सदस्य असत आणि तुटपुंज्या वेतनावर उमेदीची वर्षे देत. स्वतः गोखले त्यांतले एक. इमारतीसाठी संस्थानिकांकडे आणि धनिकांकडे जावे लागे आणि नाव कधी गव्हर्नरचेही द्यावे लागे; फर्ग्युसन कॉलेज हे त्याचे ठळक उदाहरण. थोडक्यात वाटणी अशी : पैसा आणि पाटी एकाची, शिकवणे आणि कारभार दुसऱ्याचा. पाटीवरच्या माणसाने वर्गात डोकावायचे नाही, हा या व्यवस्थेतला न लिहिलेला करार होता.

तो प्रत्येक वेळी इतका सरळ पाळला गेला असे मात्र नाही. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला १९२० मध्ये गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली. साडेतीन टक्क्यांनी तिचे वर्षाचे उत्पन्न ५२,५०० रुपये. त्यासोबत अटी होत्या. विद्यापीठाला मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव द्यायचे आणि त्याचे मुख्य ठाणे पुढे मुंबईला न्यायचे. १९२२ मध्ये विठ्ठलदास वारले. नंतर देणगीच्या अटींवरून त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात वाद झाला, पैसे येणे काही काळ थांबले, अखेर तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेले. कर्वे आयुष्यभर दारोदार फिरून चार आणे, आठ आणे जमा करणारे. त्यांच्या संस्थेची जागा शेवटी देणगीपत्राने ठरवली.

तरीही या व्यवहारात एक गोष्ट मोलाची होती. मूळ रक्कम खर्च करायची नव्हती. ती ठेव होती आणि संस्था तिच्या व्याजावर चालायची होती. दाता गेला, त्याची गिरणी बुडाली किंवा वारसांचे मन बदलले, तरी शिक्षकाच्या पगाराची काही सोय मागे उरावी, हा कायम निधीचा हेतू. ठाकरसी घराण्याचेच नाव लाभलेले हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज गोखले सोसायटीने १९२४ साली नाशिकला काढले. त्याआधी चारच वर्षे याच संस्थेची शाळा बोर्डीसारख्या खेड्यात उभी राहिली होती. शहरातला गिरणीवाला आणि किनाऱ्यावरचा पारशी या दोघांच्याही नावाचा आधार एकाच संस्थेला मिळत होता.

इथपर्यंत आपण ज्यांना दाते म्हणतो ती माणसे होती, कंपन्या नव्हेत. जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी काढला, सर दोराबजींनी १९३२ मध्ये आपली संपत्ती विश्वस्तनिधीत घातली. हा सगळा पैसा धंद्यातून आलेला, पण देताना तो देणाऱ्याचा स्वतःचा होता. कंपनीचा पैसा म्हणजे भागधारकांचा पैसा. संचालकांनी तो परस्पर कुणाला धर्मादाय द्यावा का, याविषयी कायदा बराच काळ साशंक होता. १९५६ च्या कंपनी कायद्यात, कलम २९३ अन्वये, धंद्याशी थेट संबंध नसलेल्या धर्मादाय कामाला ठरावीक रकमेपेक्षा किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपेक्षा (यांतले जे जास्त असेल त्याहून) अधिक द्यायचे तर भागधारकांच्या सर्वसाधारण सभेची संमती लागे. म्हणजे कायद्याने दानाला छत घातले होते.

२०१३ च्या कायद्याने त्याच दानाला जमीन घातली. कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. पूर्वी विचारले जाई, इतके का दिलेत? आता विचारले जाते, इतके का दिले नाहीत? ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. नव्या जिल्ह्याचे आणि नव्या निधीचे वय जवळपास सारखे आहे.

हा निधी बोर्डी-डहाणूच्या वाट्याला कसा येतो हे समजायला आणखी एक तारीख लक्षात घ्यावी लागते. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. डहाणूचा ५०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प सोडला तर इथे मोठा कारखाना येणे अवघड झाले. दक्षिणेला तारापूर आणि उत्तरेला गुजरातेत वापी, अशा दोन औद्योगिक पट्ट्यांच्या मध्ये हा तालुका हिरवा राहिला. कायदा म्हणतो, कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे. ते सक्तीचे नाही, पण कंपनीची नजर स्वाभाविकपणे कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या वस्तीकडे आधी जाते. त्यामुळे ज्यांनी धूर टाळला त्यांच्या वाट्याला धुराची भरपाईही कमी, असा पेच उभा राहतो. या तालुक्याच्या वाड्या आणि समुद्र स्वच्छ राहण्याचा फायदा सगळ्यांना होतो. त्याबद्दल त्याला काही मिळावे, असे कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसत नाही.

आता १९४५ सालाकडे जाऊ. त्या वर्षी या भागात दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध, गवतकापणीच्या मजुरीसाठी माणसे उठली. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९५६-५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. या प्रयोगात रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर पोचला. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये, कोसबाडलाच.

झरी आणि बोर्डी यांचे राजकारण वेगळे होते. तपशिलात शिरले तर मतभेदही दिसतील. पण मूल एकच होते. बाप वेठीला आणि पोर गुरांमागे, अशा घरातले पोर शाळेत यायचे तर आधी बापाची वेठ सुटायला हवी होती, आणि वेठ सुटल्यावर त्या पोरासाठी कुणीतरी शिंपले मांडून बसलेले असायला हवे होते. पहिले काम कुठल्याच देणगीने होण्यासारखे नव्हते, ते हक्काच्या लढ्याचे होते. दुसऱ्याला पैसा लागला, आणि पैशाहून अधिक वर्षे लागली. बोर्डीत अकरा-बारा, मग कोसबाडला अनुताईंची सुमारे पस्तीस.

या वर्षांशेजारी आजचे नियम ठेवून पाहावेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर खर्च टाळणाऱ्या कंपनीला दंड आहे, हिशेब उघड करावे लागतात, मोठ्या प्रकल्पांचे मूल्यमापन होते, व्यवस्थापनावर पाच टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. हे सगळे चांगले आहे. ठाकरसींच्या काळात कर्व्यांना असा कायदा पाठीशी असता तर कदाचित त्यांचे काही हेलपाटे वाचले असते. पण ‘चालू प्रकल्पा’ची कमाल मुदत, सुरुवातीचे वर्ष सोडून, तीन वर्षे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम आता सीएसआर म्हणून धरलीच जात नाही. पैसा खर्च झाला पाहिजे, साठता कामा नये. हेतू प्रामाणिक आहे : दानाच्या नावाखाली पैसा पडून राहू नये. परिणाम असा की ज्या ठेवीच्या व्याजावर शंभर वर्षांपूर्वी विद्यापीठ चालले, तशी ठेव एखाद्या कंपनीला आज या दोन टक्क्यांतून देता येत नाही.

म्हणून वर्गखोल्या होतात, स्वच्छतागृहे होतात, संगणक येतात. ती गरजेची आहेतच. शिक्षकाचा पगार देऊ नका असे कायदा म्हणत नाही; पण चौथ्या वर्षी तो कोण देणार, याचे उत्तर कुणाकडे नसते. प्रस्ताव लिहिणारी संस्था हे जाणते, म्हणून ती आधीच तीन वर्षांत दाखवता येईल असेच काम मागते. तिसऱ्या वर्षाच्या अहवालात ताराबाईंनी काय दाखवले असते? अंघोळ करून येणारी मुले, शिंपल्यांचे ढीग, आणि अजून न आलेल्या मुलांची यादी.

कलेच्या बाबतीत हेच थोड्या वेगळ्या रूपात दिसते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला, वारसा, ग्रंथालये, पारंपरिक हस्तकला यांचा उल्लेख आहे. डहाणूची वारली चित्रकला यात सहज बसते. लग्नघरात सुवासिनींनी भिंतीवर लिहायचा चौक सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांनी कागदावर आला आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर वारली आकृत्या कार्यालयांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, जाहिरातींत सर्रास दिसू लागल्या. भिंत रंगवून घेणे ही खरेदी आहे. तिचा योग्य मोबदला दिला म्हणजे व्यवहार पुरा झाला. तिला आश्रय म्हणायचे तर कलावंताच्या पुढच्या पिढीला शिकायला अवकाश मिळतो का, हे पाहावे लागेल. त्यालाही तीन वर्षे पुरत नाहीत.

जुन्या दात्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. त्यांच्या अटी जाचक असत, मर्जी लहरी असे आणि संपत्ती कुणाच्या श्रमातून आली हे त्यांना कुणी विचारत नसे. कायद्याने दान मर्जीतून काढून कर्तव्यात आणले, हे मोठे पाऊल आहे. त्या कर्तव्याला लांब मुदत मिळाली पाहिजे, एवढेच मागणे आहे. कायम निधीवरची बंदी काटेकोर देखरेखीखाली शिथिल करता येईल; शाळेसाठी तीनऐवजी दहा वर्षांचा प्रकल्प मान्य करता येईल; निदान चौथ्या वर्षीच्या पगाराची सोय काय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारता येईल.

बोर्डीत एस.पी.एच.मध्ये शिकलेल्या बहुतेकांना सुनाबाई कोण हे सांगता येणार नाही. त्यात कृतघ्नता नाही. शाळा दात्याच्या आठवणीपेक्षा जास्त जगली, इतकाच त्याचा अर्थ. आज दोन टक्के देणाऱ्याने आपल्या देणगीकडून एवढीच अपेक्षा धरली तरी पुरे.