चंद्रपूर-गडचिरोलीतील धानशेती : सिंचनपद्धती व आर्थिक कार्यक्षमता – एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली हे वनव्याप्त प्रदेश २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात समाविष्ट होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, आरमोरी हे तालुके धानाचे प्रमुख क्षेत्र होत. येथे पाऊस मुबलक असला तरी त्याची शाश्वती नसते. धान निसवण्याच्या सुमारास एक पाणी चुकले, तर रोवणीपर्यंत केलेला सर्व खर्च वाया जातो. त्यामुळे येथील सिंचनाची आर्थिक कार्यक्षमता पाण्याच्या परिमाणापेक्षा त्याची वेळ व नियंत्रण यांवर अवलंबून राहिली आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने सिंचनपद्धतींचा मागोवा घेण्यात आला आहे.

तलावांची परंपरा

चांद्याच्या गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला त्याखालील जमीन इनाम दिली जाई, अशी परंपरा हिरशहा राजाच्या नावाने सांगितली जाते. तलावबांधणीत निष्णात असलेल्या कोहळी समाजाचा या कार्यात मोठा वाटा होता. ब्रिटिश काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले. मात्र पाणी वापरण्याचे रयतेचे हक्क व गावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदविले गेले. पाळीची डागडुजी व पाटाची सफाई गावाच्या श्रमातून होई. शेतकऱ्याला पाण्यासाठी रोख रक्कम मोजावी लागत नसे. त्याचे मोल तो श्रमाने फेडत असे.

शासकीय जलाशय

१८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर १९०१ मध्ये भारतीय सिंचन आयोग नेमला गेला आणि मध्य प्रांतात संरक्षक सिंचनाच्या विचाराला चालना मिळाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात आसोलामेंढा, नलेश्वर, घोडाझरी हे जलाशय उभे राहिले. लाभक्षेत्र विस्तारले, परंतु पाणीवाटपाचा निर्णय गावाकडून खात्याकडे गेला.

मालगुजारी निर्मूलन व त्याचे परिणाम

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. पूर्व विदर्भातील अशा तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. शोषक मध्यस्थ दूर झाला, हे या कायद्याचे मोठे यश होय. तथापि देखभालीची जुनी घडी मोडली आणि तिची जागा घेणारी व्यवस्था निर्माण झाली नाही. पुढे पाणीपट्टी आकारली जाऊ लागल्यावर विनामूल्य पाण्याचा जुना हक्क वादाचा विषय ठरला. गाळ व बेशरमच्या झुडपांनी अनेक तलावांची साठवणक्षमता घटली.

सिंचनपद्धती व उत्पन्न

पाण्याच्या शाश्वतीवर शेतकऱ्याची वाणनिवड ठरते. केवळ पावसावरील जमिनीत तो लवकर येणारे हलके धान घेतो, तर तलावाखालील जमिनीत अधिक मुदतीचे भारी धान. नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून विकसित केलेल्या ‘एचएमटी’सारख्या बारीक धानाला बाजारात चांगला भाव मिळाला, परंतु असा भाव पदरात पडण्यासाठी शेवटचे पाणी निश्चित असावे लागते.

पारंपरिक पद्धतीत पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत वाहते. शेतचाऱ्यांचा खर्च वाचतो. पण वरच्या बांधीतील खत पाण्याबरोबर वाहून जाते आणि खालच्या शेतकऱ्याला प्रतीक्षा करावी लागते. ‘श्री’ पद्धतीत बांधी आळीपाळीने ओली व कोरडी ठेवून पाणी व बियाणे वाचविता येते. मात्र शेजाऱ्याचे पाणी स्वतःच्या बांधीतून जात असताना एकट्या शेतकऱ्याला ती अवलंबिणे कठीण असते.

मोठ्या प्रकल्पांचा अनुभवही बोधप्रद आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पास २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या उजव्या कालव्याची योजना आसोलामेंढा तलावाशी जोडलेली आहे. म्हणजे नव्या व्यवस्थेलाही जुन्या जलाशयाचा आधार घ्यावा लागला. गडचिरोलीत तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तुलतुलीसारखे प्रकल्प रखडले. तेथे बोडी व लहान तलावांचे महत्त्व यामुळे अधिकच वाढते.

समारोप

सिंचनाचे मूल्यमापन केवळ हेक्टर व खर्चाच्या आकड्यांनी केल्यास चित्र अपुरे राहते. हक्क आणि जबाबदारी एकत्र होती, तोवर लहान तलाव अल्प रोख खर्चात पीक वाचवीत असे. त्यांची फारकत झाल्यावर तेच पाणी महाग व अनिश्चित झाले. म्हणून तलावांतील गाळ काढण्याइतकेच पाणीवाटपाचे अधिकार व देखभालीचा निधी लाभधारकांच्या हाती देणे आवश्यक आहे. असे झाले तरच सुधारित वाण व नवीन लागवडपद्धती येथील शेतकऱ्याला फायदेशीर ठरतील.