वैनगंगेच्या गोट्यांतला अकीक

अकीक जन्मतो बेसाल्टच्या पोकळ्यांत, आणि विदर्भातल्या तिरोडा तालुक्याच्या जमिनीखाली आहेत ते बेसाल्टहून कितीतरी जुने पट्टिताश्मासारखे खडक. म्हणून नकाशा पाहून दगड गोळा करणारा हौशी माणूस हा तालुका वगळेल. मला ही घाई वाटते. नकाशा खडकाचे घर दाखवतो, दगडाचा प्रवास दाखवत नाही. वैनगंगा उगम पावते शिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याजवळ, सातपुड्याच्या लाव्हा-पठारावर, आणि बालाघाटमार्गे तिरोड्याच्या बाजूला येते. एवढ्या वाटेत दगडाचा चुरा होणार नाही का? बेसाल्टचा होतो, त्याची माती होते. अकीकाची कठिणता मोहसच्या मापावर 6.5 ते 7 आहे, त्यामुळे तो घासून गुळगुळीत होतो, पण उरतो. गुजरातेत रतनपूरचा अकीकही लाव्ह्यात नव्हे, लाव्हा झिजून साचलेल्या गोट्यांच्या थरांत मिळतो, आणि खंभातचा मण्यांचा जुना धंदा त्यावरच पोसला गेला.

विदर्भातले अकीकाचे प्राचीन मणी खंभातहूनच आले असतील, हा आक्षेप वजनदार आहे, व्यापार होताच. पण नागपूरजवळच्या माहुरझरीला मणी नुसते वापरले जात नव्हते, तिथे ते घडवले जात, आणि बेसाल्टचा प्रदेश तिथून हाकेच्या अंतरावर आहे. जवळचा दगड सोडून सगळाच माल खंभातहून आणला, हे मला पटत नाही. तिरोड्यात शोध घ्यायचा तर खाणीत नव्हे, पावसाळा ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या नदीच्या गोट्यांत घ्यावा, विशेषतः वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे प्रवाह मंदावतो आणि जड गोटे टाकून देतो.