दोन तळी आणि एक राणी

दिवाळी आली की आपल्याकडे अंगणात किल्ला उभा राहतो. दगड, माती, जुनी पोती. वर पेरलेले अळीव, शिखरावर महाराजांचे सिंहासन आणि पायथ्याशी बशीत पाणी घालून केलेले तळे. मुले तळे नेहमी पायथ्याशीच करतात. कारण मराठी मनातला किल्ला हा डोंगरावरचा. जंजिरा, सिंधुदुर्ग हे समुद्रातले झाले. सोलापूरचा भुईकोट सिद्धेश्वर तलावाला लागून उभा आहे, तो एक सुखद अपवाद. एरवी किल्ला पाहायचा म्हणजे पहाटे उठायचे, दशम्या बांधून घ्यायच्या आणि धापा टाकीत चढायचे. आजी-आजोबांनी खालच्या गावात देवळात बसून राहायचे, हे ठरलेलेच.

स्कॉटलंडात ही अडचण नाही. तो देश डोंगरांचा खरा, पण त्याहून तो तळ्यांचा. तळ्याला तिकडे ‘लॉख’ म्हणतात, आणि त्यातला शेवटचा खरखरीत उच्चार इंग्रजांच्या जिभेला सहसा वळत नाही. या लॉखांच्या काठी, आणि कित्येकदा मधल्या बेटांवर, जुने वाडे व किल्ले पडक्या अवस्थेत उभे आहेत. काठाकाठाने सपाट पायवाटा आहेत. लेकरू बाबागाडीत घालून किंवा हातात काठी घेऊन त्यांवरून चालता येते. हल्ली पुष्कळ मराठी घरांतली मुले-नातवंडे विलायतेत असतात आणि वडीलधाऱ्या मंडळींचे तिकडे जाणे होते. अशांसाठी आणि घरबसल्या हिंडणाऱ्या वाचकांसाठी त्यांतल्या दोन तळ्यांची ही हकीकत. एका तळ्याकाठी एक राणी जन्मली. दुसऱ्या तळ्यात तिचे राज्य बुडाले.

पहिले तळे लिनलिथगोचे. एडिंबरोहून स्टर्लिंगकडे जाताना साधारण निम्म्या वाटेवर हे टुमदार गाव लागते. आगगाडीतून उतरून पाच-दहा मिनिटे चालले की उंचवट्यावर राजवाड्याच्या भिंती दिसू लागतात आणि त्यांच्या पलीकडे पाणी. तळ्याला पुरी प्रदक्षिणा घालायला तासभर पुरतो. उत्तरेच्या अंगाने हमरस्ता जातो, तेवढी मोटारींची घरघर कानांवर येते. पण मागे वळून पाहावे तर समोरच्या काठावर छप्पर हरवलेला तो विशाल वाडा आणि पाण्यात त्याचे प्रतिबिंब, मधून संथपणे जाणारे राजहंस. घरघरीचा विसर पडतो.

वाड्याचे बांधकाम पहिल्या जेम्स राजाने १४२४ मध्ये सुरू केले आणि पुढच्या राजांनी ते वाढवीत नेले. मधल्या चौकात पाचव्या जेम्सने १५३८ च्या सुमारास बसविलेले कोरीव कारंजे आजही आहे. वायव्येच्या बुरुजावर एक लहानशी खोली आहे. चौथ्या जेम्सची राणी मार्गारेट हिने लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट येथून पाहिली, असे सांगतात. तो परत आलाच नाही. १५१३ साली फ्लॉडनच्या रणांगणावर पडला.

याच वाड्यात ८ डिसेंबर १५४२ रोजी मेरी जन्मली. बाप पाचवा जेम्स दुसऱ्या एका वाड्यात अंथरुणाला खिळला होता. १४ डिसेंबरला तो वारला आणि सहा दिवसांची पोर स्कॉटलंडची राणी झाली. ज्या वयात आपल्याकडे मुलीचे बारसेसुद्धा झालेले नसते, त्या वयात तिच्या नावाने राज्य चालू लागले! पुढे तिला फ्रान्सला धाडले. तेथल्या युवराजाशी १५५८ मध्ये लग्न, १५६० मध्ये वैधव्य. आणि १५६१ च्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची ही विधवा राणी मायदेशी परतली. देश तोवर प्रॉटेस्टंट झाला होता. ती कॅथॉलिक राहिली होती.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वश्रुत आहे. १५६५ मध्ये तिने डार्न्ली या आपल्या नातलगाशी लग्न केले. १५६६ च्या मार्चमध्ये डार्न्लीच्या संगनमताने तिच्या चिटणीसाचा, रिझिओचा, तिच्या डोळ्यांदेखत खून झाला. जूनमध्ये तिला मुलगा झाला. १० फेब्रुवारी १५६७ रोजी डार्न्लीचाच खून झाला, आणि ज्याच्यावर सर्वांचा संशय त्या बॉथवेलशी मेरीने १५ मे रोजी लग्न लावले. ते राजीखुशीने की जुलमाने, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. सरदारांना मात्र निमित्त पुरले. १५ जूनला कार्बरी हिलपाशी तिने त्यांच्या हाती स्वतःला सोपविले आणि दोन दिवसांत ती लॉख लेव्हनच्या बेटावर कैदेत होती.

हे दुसरे तळे. फोर्थची खाडी ओलांडून एडिंबरोच्या उत्तरेस गेले की किनरॉस गाव येते, ते याच्या काठी. तळे पुष्कळ मोठे आहे. सबंध फेरी सुमारे एकवीस किलोमीटरांची. पण वाट जवळजवळ सपाट, आणि किनरॉसच्या धक्क्यापासून मैलभर जाऊन परत आले तरी किल्ला डोळे भरून दिसतो. उन्हाळ्यात होडीने बेटावरही नेतात. शरद ऋतूत उत्तर ध्रुवाकडून हजारो रानहंस येथे उतरतात. त्या वेळी आकाशभर एकच कलकलाट असतो.

बेटावर चौदाव्या शतकातला पाच मजली चौकोनी बुरूज, भोवती कोट आणि एका कोपऱ्यात मागाहून बांधलेला गोल बुरूज. मोठ्या बुरुजाचा दरवाजा जमिनीलगत नाही. वरच्या मजल्यावर आहे. शिडी काढून घेतली की आत शिरणे संपले! ही जागा मेरीला परकी नव्हती. १५६३ साली ती येथे पाहुणी म्हणून राहिली होती आणि आपला कट्टर टीकाकार जॉन नॉक्स याला बोलावून घेऊन तिने येथेच त्याच्याशी वाद घातला होता. त्या वेळची यजमानीण आता तिच्यावर पहारा करीत होती. या बाईंचे नाव मार्गारेट अर्स्किन. मेरीच्या बापाशी एके काळी त्यांचा संबंध होता, आणि त्या संबंधातून झालेला मुलगा म्हणजे अर्ल ऑफ मरे, राणीचा सावत्र भाऊ. पुढे राज्यकारभार हाती घेतला तो याच भावाने. किल्ल्याचा मालक सर विल्यम डग्लस हा बाईंचा दुसरा मुलगा. राजकारणाच्या नावाखाली एका घरातली जुनी धुसफूस कशी चालू राहते, हे भाऊबंदकीचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

जुलैमध्ये मेरीचा गर्भपात झाला, जुळी होती. ती अंथरुणावर असतानाच २४ जुलैला सरदार कागद घेऊन आले. राज्यत्यागाचे कागद. सही केली नाही तर जिवाला अपाय होईल, हे तिला स्पष्ट समजेल अशा भाषेत सांगण्यात आले. इंग्रज वकील थ्रॉकमॉर्टन याने तिला गुप्तपणे निरोप पोचविला होता की, कैदेत जुलमाने घेतलेली सही बंधनकारक नसते. तिने सही केली. पाच दिवसांनी स्टर्लिंगला तिच्या तेरा महिन्यांच्या मुलाला राज्याभिषेक झाला. आईचे वय होते चोवीस. मुलगा पुन्हा कधी तिच्या दृष्टीस पडला नाही.

सही बंधनकारक असो वा नसो, ती खरी ठरविण्याचा वा खोटी ठरविण्याचा मार्ग एकच होता: बाहेर पडणे. १५६८ च्या मार्चमध्ये ती परटिणीचा वेष करून होडीत बसली. नावाड्याने थट्टेने तोंडावरचे वस्त्र ओढायला हात घातला. तिने आपला हात आड केला. तो गोरा, नाजूक हात परटिणीचा नव्हता. नावाड्याने होडी माघारी वळविली, पण मालकाला काही कळविले नाही म्हणतात.

२ मे रोजी मात्र बेत साधला. विली डग्लस नावाचा एक पोरगा किल्ल्यात वाढला होता. रात्रीच्या जेवणाच्या वेळी वाढता वाढता त्याने मालकापुढे ठेवलेल्या किल्ल्यांवर रुमाल टाकला आणि रुमालासकट त्या उचलल्या. बाकीच्या होड्या त्याने आधीच निकामी करून ठेवल्या होत्या. दासीच्या वेषात राणी खाली आली, दोघे बाहेर पडली, पोराने दरवाजाला बाहेरून कुलूप घातले. किल्ल्या तळ्यात फेकून दिल्या, अशी दंतकथा आहे. पैलतीरावर मालकाचाच धाकटा भाऊ जॉर्ज घोडे घेऊन उभा होता.

हे वाचताना आग्रा आठवल्यावाचून राहत नाही. या घटनेनंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी, १६६६ मध्ये, शिवाजी महाराज पहाऱ्यातून निसटले. दोन्ही सुटका पहारेकऱ्यांच्या सवयीचा फायदा घेऊन झाल्या: तेथे रोजचे पेटारे, येथे रोजचे जेवण. पण पुढचे अंतर केवढे! महाराज परतले ते त्यांची वाट पाहणाऱ्या, घडी नीट बसलेल्या राज्यात; आणि आठ वर्षांनी रायगडावर अभिषेक झाला. मेरीजवळ सैन्य जमले, पण घडी नव्हती. सुटकेनंतर अकराव्या दिवशी लँगसाइडला तिचा पराभव झाला आणि १६ मे रोजी चुलत नात्यातल्या एलिझाबेथच्या भरवशावर ती इंग्लंडात उतरली. तेथे एकोणीस वर्षे कैद आणि १५८७ च्या फेब्रुवारीत शिरच्छेद. एका तळ्यातून सुटून ती अशा तुरुंगात गेली, ज्याला पैलतीरच नव्हता.

लॉख लेव्हनच्या काठी उभे राहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज बेट प्रशस्त, झाडीचे आणि रम्य दिसते. येथली कैद फारशी कठीण नसेल असे वाटते. पण १८३० च्या सुमारास खालच्या गिरण्यांना नेमाने पाणी मिळावे म्हणून तळ्याला दरवाजे बसविले आणि पातळी मीटरभराहून अधिक खाली आणली. बेट त्यामुळे वाढले. मेरीच्या काळी लाटा तटाच्या जवळ येत होत्या. ज्या काठावरून आपण चालतो, त्यातलाही काही भाग तेव्हा पाण्याखाली होता. तेव्हा मनाने पाणी पुन्हा वर चढवावे, झाडे काढून टाकावी आणि मग त्या बुरुजाकडे पाहावे.

हा किल्ला कोणी पाडला नाही. लोक सोडून गेले, तो ओस पडला. शेजारच्या काठावर सर विल्यम ब्रूस या वास्तुशिल्पज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपले घर बांधले, तेव्हा घर आणि बाग त्याने अशा रेषेत आखली की दृष्टी सरळ पडक्या किल्ल्यावर जाऊन थांबावी. शंभर वर्षांत तुरुंगाचा देखावा झाला होता. लिनलिथगोचे नशीब वेगळे: १७४६ मध्ये ड्यूक ऑफ कंबरलंडचे शिपाई तेथे मुक्कामाला होते, ते निघाले आणि वाडा जळाला. भिंती राहिल्या.

जाणाऱ्यांनी आधी लिनलिथगो करावे आणि मग लॉख लेव्हन. पहिल्या दिवशी पाळण्याची खोली कोणती असेल ते शोधावे, राजहंस पाहावेत, मुलांना गवतावर मोकळे सोडावे. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जरा जास्त वेळ थांबावे. संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास पाण्यावर वारा पडतो तेव्हा बेटावरून काठापर्यंतचे अंतर किती थोडे आहे ते कळते. ते थोडे अंतर काटायला एका राणीला साडेदहा महिने आणि एका पोराचा हात लागला होता.